मदत हवी आहे: 'शेअर करणं' ज्येष्ठांना मराठीत कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. आमचा ज्येष्ठ बायकांचा एक गट आहे. घराघरातल्या पाककृती एकाच गुगल डॉक्समध्ये लिहून ठेवायचं काम दिवाळीपासून चाललंय.

मागच्या आठवड्यात एका काकूंनी सुरळीच्या वड्यांची स्वतःची कृती तेवढी ठेवली आणि बाकी सगळं निवडून पुसून टाकलं. "मला माझंच हवं होतं गं, तुमचं तुमच्याकडे आहेच ना?" विचारलं तर डोळ्यांत पाणी. मला त्यांचं म्हणणं पटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आपण पुसला तरी पाठवणाऱ्याकडे राहतो, कारण आपल्याकडे प्रत आलेली असते. डॉक्समध्ये वही एकच. दोन्हींना आपण 'शेअर केलं' म्हणतो, मग त्यांना फरक कळावा कसा?

मजकूर परत मिळाला. संगणकावर आवृत्त्यांचा इतिहास उघडून आदल्या दिवशीची आवृत्ती आणली.

आता मोठ्या अक्षरातलं एक पानभर शब्दपत्रक करतेय. ब्लॉग सांगता आला: एकाने लिहायचं, ताजं लेखन वर, वाचणाऱ्यांनी खाली प्रतिसाद द्यायचा. शेअर, एडिट आणि विकी इथे अडलेय. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला होता. त्याच गावात मला चार शब्द सापडू नयेत याचं वाईट वाटतं. 'सहसंपादन' नको, ते कुणाच्या तोंडी बसत नाही.

प्रतिसाद १
ताई, क्रियापदंच दोन करा. फोटो 'पाठवला', वही 'सामाईक ठेवली'. वाड्यातला सामाईक आड, सामाईक जिना या पिढीने वापरलाय. आपल्यापुरता जिना कुणी काढून नेत नाही, हे वेगळं सांगावं लागणार नाही. हक्क तीन: नुसतं वाचणं, शेरा देणं, खाडाखोड करणं. खाडाखोडीचा हक्क दोघीतिघींनाच द्या, बाकीच्यांना शेऱ्याचा.

प्रतिसाद २
विकी म्हणजे कुणीही येऊन दुरुस्त करावी अशी पानं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. नाव होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून घेतलं. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात, गप्पांच्या जागेला 'चावडी'. काकूंना आधी धूळपाटीच द्या, तिथे हवं ते पुसू देत.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. 'सामाईक' काल वाचून दाखवलं. काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या जुन्या घरातल्या मोरीसारखं." धूळपाटीही करून दिली.

त्यांनीच पुढे विचारलं, "माझ्या कृतीत कुणी हात घातला तर मला कळेल का?" इतिहासात नाव दिसतं, असं मी सांगितलं. पण निम्म्या जणी नातवाच्या नाहीतर सुनेच्या अकाउंटवरून लिहितात, त्यामुळे पुरणपोळीपुढे नातवाचं नाव येतंय. आणि 'खातं' म्हटलं की त्यांना बँकेचं पासबुक आठवतं, पासवर्ड द्यायला घाबरतात. याला काय म्हणू?