विषय: मृत्यूचे ठिकाण कोणते लिहावे? (रविवारपूर्वी उत्तर हवे)

ग्रंथालय समिती:
सप्रेम नमस्कार. आपल्या विशेष मुलांच्या वर्गाला येणाऱ्या निवृत्त बाईंच्या आजोबांची बहीण हॅम्बुर्गला मनोरुग्णालयात होती. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नोंद ठेवणाऱ्या जेरुसलेममधील याद वाशेम या स्मारकसंस्थेच्या साक्षपत्रात तिची नोंद करायला आम्ही बसलो आणि ‘मृत्यूचे ठिकाण’ या रकान्यापाशी अडलो. घरातल्या मृत्यूच्या दाखल्यावर पोलंडमधल्या लुब्लिनजवळचे खोल्म आणि जानेवारी १९४१ असे आहे. परंतु २३ सप्टेंबर १९४० रोजी हॅम्बुर्गच्याच लांगेनहोर्न मनोरुग्णालयातून जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या हत्याकेंद्रात नेऊन विषारी वायूने मारलेल्या १३६ ज्यू रुग्णांच्या यादीत तिचे नाव सापडते.

माजी कार्यवाह:
शिक्क्याचा दाखला हाती असताना यादी कशाला? माझी जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावली, आई श्रावणातली सांगे. पेन्शन मात्र १ जूनवरच मिळाली. कागदावर आहे तेच लिहावे.

जर्मन वर्ग:
१ जूनची तुलना मला पटत नाही. गुरुजींनी तारीख लावली ती मूल शाळेत बसावे म्हणून. हे दाखले मारणाऱ्यांनीच बनवले होते. खोल्मच्या रुग्णालयातील रुग्णांना नाझींच्या एस.एस. दलाने १२ जानेवारी १९४० रोजीच गोळ्या घातल्या होत्या, त्यामुळे १९४१ मध्ये तिथे मरायला रुग्णच उरले नव्हते. रुग्णहत्येचा कारभार पाहणाऱ्या नाझी ‘टी-४’ कार्यालयाचे लोक हे दाखले तयार करत आणि पोस्टाचा शिक्का खरा दिसावा म्हणून लुब्लिनला नेऊन टाकत. मृत्यूची तारीख पुढची घातल्यामुळे, आधीच मारलेल्या माणसाच्या राहण्याखाण्याचा खर्च आणखी काही महिने वसूल करता येई. (जर्मन कागद प्रथम आमच्याकडे द्यावेत, असे गेल्या वर्षीच ठरले होते, याची नम्र आठवण.)

कोषाध्यक्ष:
तो ठराव केवळ व्हिसाच्या कागदांपुरता होता. इतिवृत्त माझ्याकडे आहे.

माजी कार्यवाह:
जुलैत जन्मलेल्यांनाही १ जूनच मिळे, एवढेच सांगायचे होते. बाकी माघार.

ग्रंथालय समिती:
तुमची सर्व उत्तरे बाईंना इंग्रजीत सांगितली. खर्चवसुलीच्या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवले आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात दाखल्याखाली त्यांच्या पणजोबांनी पैसे भरल्याच्या पावत्या आहेत, आणि त्यांपैकी ३ पावत्या सप्टेंबरनंतरच्या आहेत. रकान्यात ब्रांडेनबुर्ग लिहिले आहे. पावत्यांवरील हस्ताक्षर जुन्या वळणाचे असल्याने जर्मन वर्गातील कुणी शनिवारी दुपारी येऊ शकेल का? ठरावाचे नंतर पाहू.