अनुभव धागा: मशीन बदललं, ओएस अपग्रेड केली आणि काल चालणारं आज चालेना

टर्मिनलवाली (धागाकर्ती)

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे लॅपटॉप बदलून झालेत. उरलेल्यांचे मॅक नि उबुंटू या ना त्या निमित्ताने अपग्रेड झालेत. रड सगळ्यांची एकच: फोटो आले, फायली आल्या, वॉलपेपरसुद्धा आला, पण प्रोजेक्ट काही बिल्ड होईना.

म्हणून हा धागा. अट एकच. "सगळं उडवून परत इन्स्टॉल केलं, मग चाललं" असं लिहू नका. तो उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातून कळत काहीच नाही. नेमकं काय तुटलं होतं आणि ते कुठल्या ओळीवरून लक्षात आलं ते लिहा. माझं मत असं आहे की टूल स्वतः क्वचितच बिघडतं. ते ज्या पाथवर, लायब्ररीवर किंवा परवानगीवर विसंबून असतं, ती गोष्ट खालून सरकलेली असते.

सुरुवात मीच करते. इंटेल मॅकवरून एम-मालिकेच्या मॅकवर आले. मायग्रेशन असिस्टंटने सगळं जसंच्या तसं आणून दिलं, आणि गोची तिथेच झाली. इंटेल मॅकवर होमब्रू (टूल्स इन्स्टॉल करून देणारं टूल) '/यूएसआर/लोकल' मध्ये राहतं, नव्या चिपवर त्याची जागा '/ऑप्ट/होमब्रू' आहे. माझ्याकडे जुनं होमब्रू त्याच्या इंटेलवाल्या बायनरींसकट आलं. रोझेटा (इंटेलचे प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारा दुभाषा) त्या निमूट चालवत असल्यामुळे वरवर सगळं ठीक दिसत होतं. मग एका पायथन मॉड्यूलने दगा दिला: 'इन्कम्पॅटिबल आर्किटेक्चर, हॅव एक्स८६_६४, नीड आर्म६४'. इतका स्पष्ट एरर क्वचित मिळतो, फक्त तो चाळीस ओळींच्या ट्रेसबॅकच्या तळाशी असतो.

अशा वेळी आधी 'यूनेम -एम' चालवून बघा. आर्म६४ आलं तर ठीक. एक्स८६_६४ आलं तर तुमचं टर्मिनलच रोझेटातून उघडतंय. अ‍ॅपच्या 'गेट इन्फो' मध्ये त्याची टिकमार्क असते, ती काढायची. नंतर जुन्या ब्रूकडून 'ब्रू बंडल डंप' ने यादी काढून घेतली, नवं ब्रू त्याच्या योग्य जागी टाकलं, यादी त्याला दिली आणि झेडप्रोफाइलमध्ये नवा पाथ आधी लावला. नोड मॉड्यूल्सचे फोल्डर मात्र प्रोजेक्टगणिक उडवून परत भरावे लागले, कारण त्यांच्यातही इंटेलसाठी कंपाइल झालेले तुकडे दडलेले असतात.

शंभर टॅब

मॅकवाल्यांसाठी छोटंसं. मोठा अपग्रेड झाला की सकाळी पहिलंच 'गिट स्टेटस' मारावं आणि 'एक्ससीरन: इन्व्हॅलिड अ‍ॅक्टिव्ह डेव्हलपर पाथ' यावं, हे आता सणासारखं ठरलेलं आहे. गिटला काही झालेलं नसतं. कमांड लाइन टूल्स जागेवरून गेलेली असतात. 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल' चालवा आणि चहा घेऊन या.

आणि ज्यांच्या जुन्या स्क्रिप्ट मॅकवरच्या पायथन २ वर चालायच्या, त्यांच्यासाठी: तो मॅकओएस १२.३ पासून काढून टाकलाय. शोधत बसू नका.

रात्रपाळी (ठाणे)

उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो. ऑफिसचा अंतर्गत गिट सर्व्हर म्हणाला 'परमिशन डिनाइड, पब्लिककी'. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, नवी की (सर्व्हरला ओळख पटवणारी फाइल) बनव. बनवली असती तरी ती सर्व्हरवर चढवायला अ‍ॅडमिन हवा, आणि अ‍ॅडमिनसाहेब गावी गेलेले, गणपतीला.

'एसएसएच' (सर्व्हरशी जोडणारं टूल) ला तीन व्ही लावून, म्हणजे सगळा तपशील दाखवायला सांगून, चालवलं. बाकीचा पसारा सोडून द्या, एक ओळ कामाची होती: 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम'. म्हणजे ती की दोघांनाही मान्य होती, सही कुठल्या पद्धतीने करायची यावर एकमत होत नव्हतं. ओपनएसएसएचने २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीत आरएसएची एसएचए-१ वाली सही बाय डिफॉल्ट बंद केली, आणि २२.०४ सोबत ८.९ येते. नवी पद्धत ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. पण आमचा सर्व्हर त्याहून जुना. एकच आरएसए की दोन्ही पद्धतींनी सही करू शकते, त्यामुळे की फेकायची गरजच नव्हती.

एसएसएच कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका होस्टखाली 'पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स +एसएसएच-आरएसए' लिहिलं आणि काम सुरू झालं. 'होस्ट *' खाली हे लिहू नका, नाहीतर जगातल्या सगळ्या सर्व्हरांसाठी ढिलाई केल्यासारखं होतं. साहेब आल्यावर सर्व्हर बदलायचा विषय काढला. तो विषय अजून निघालेलाच आहे.

अर्धविराम

रात्रपाळी, तीन व्ही वाचायचा कंटाळा न करणारे तुम्ही दुसरेच भेटलात.

एसएसएचचंच माझंही. कीज पेनड्राइव्हवरून नव्या लिनक्स मशीनवर आणल्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट होता, त्यात लिनक्सच्या परवानग्या राहत नाहीत, आणि कॉपी झाल्यावर प्रायव्हेट की सगळ्यांना वाचता येईल अशी झाली. एसएसएच मोठ्या अक्षरांत बोंबलतं आणि की वापरायला नकार देतं. फाइलला ६००, फोल्डरला ७०० परवानगी (म्हणजे फक्त मालकालाच), विषय संपला. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) की '/एमएनटी/सी' खाली ठेवलीत तर चीमॉड मारूनही परवानगी बदलत नाही, ती लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच आणा.

सांगलीचा पाव्हणा

माझा किस्सा जरा वेगळा हाय, आणि तो आपल्यासारख्यांनाच घडू शकतो.

एका दोस्ताने नवा विंडोज ११ लॅपटॉप घेतला. सेटअप करताना लोकल अकाउंटला हौसेनं मराठीत नाव दिलं. मग अँड्रॉइड स्टुडिओ टाकला आणि रडायला लागला. प्रोजेक्टचं फोल्डरबी मराठीतच, 'मंडळ वर्गणी'. ग्रेडल (स्टुडिओचं बिल्ड करणारं टूल) लगेच म्हणालं की प्रोजेक्टच्या पाथमध्ये नॉन-आस्की अक्षरं आहेत, विंडोजवर बिल्ड बहुतेक फेल जाईल. त्याच एररमध्ये 'ओव्हरराइडपाथचेक' ट्रू करायची पळवाट पण लिहिलेली असते. त्यानं ती केली. तक्रार थांबली, बिल्ड पुढच्या पायरीला पडला. ही खूण फक्त तपासणी बंद करते राव, मूळ अडचण आहे तिथंच राहते.

प्रोजेक्ट 'सी:\वर्क' अशा साध्या रोमन नावाच्या फोल्डरात हलवला. बिल्ड झाला. पण एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) उठेना. कारण एम्युलेटरची व्हर्च्युअल डिव्हाइसं युजरच्या फोल्डरात जातात, आणि ते फोल्डर देवनागरीत. दोस्त म्हणाला, अकाउंटचं नाव बदलतो. बदललं. स्टार्ट मेन्यूत नवं नाव दिसतंय, सी ड्राइव्हवरचं फोल्डर जुन्याच नावाचं. विंडोज ते फोल्डर अकाउंट तयार होताना एकदाच बनवतं, नंतर नाव बदललं तरी त्याला हात लावत नाही.

मग तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावली: 'अँड्रॉइड_होम' एसडीकेसाठी, 'अँड्रॉइड_एव्हीडी_होम' एम्युलेटरसाठी, 'ग्रेडल_यूजर_होम' ग्रेडलच्या कॅशसाठी. तिन्ही रोमन नावाच्या फोल्डरांकडे वळवली. स्टुडिओ बंद करून परत उघडला, आणि एम्युलेटर हलला. नवीन मशीन असंल तर सरळ रोमन नावाचं दुसरं अकाउंट काढणं सोपं, पण त्याचा सगळा डेटा आधीच भरून झालेला.

मराठीचा अभिमान आपल्यालाबी हाय. अ‍ॅपच्या आत पाहिजे तेवढी मराठी घाला, सगळं झकास दिसतं. सी ड्राइव्हला तेवढी दाखवू नका.

टर्मिनलवाली

पाव्हणं, हा किस्सा मी ऑफिसात वाचून दाखवला. एका मुलीने तिथल्या तिथे स्वतःचं युजर फोल्डर तपासलं.

लॅबवाले सर

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू २२.०४ ची मशीन २४.०४ वर नेली. मुलांचे पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हीएन्व्ह, प्रत्येक प्रोजेक्टच्या पॅकेजेसचं वेगळं फोल्डर) एकजात बंद. एरर 'मॉड्यूलनॉटफाउंड', आणि मुलं शपथेवर सांगतायत की सर, नम्पाय टाकलेलं आहे.

टाकलेलं होतंच. व्हीएन्व्हच्या आतला पायथन हा बहुतेक वेळा सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो. अपग्रेडनंतर तो ३.१० ऐवजी ३.१२ कडे पोचला. पॅकेजेस मात्र 'लिब/पायथन३.१०' मध्ये बसलेली, आणि ३.१२ तिकडे ढुंकूनही बघत नाही. मुलांना 'एलएस -एल' करून सिमलिंक दाखवला, मग डोळ्यांनी पटलं. व्हीएन्व्ह दुरुस्त करत बसू नये, रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून नवा करावा.

नवा करताना पुढचा अडथळा: जुन्या पॅकेजेसना 'डिस्टयूटिल्स' लागतं, आणि ते ३.१२ मधून काढलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी 'सेटअपटूल्स' टाकल्यावर भागतं. आणि काही मुलांनी व्हीएन्व्हबाहेर थेट पिप चालवलं, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार. त्याच एररमध्ये 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय सुचवलेला असतो. नावातच काय होणार ते लिहिलेलं असताना मुलं तो का वापरतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

रिअ‍ॅक्टचा रोगी

जुना रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट, नवा लॅपटॉप, नवा नोड. 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड'. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ आहे, त्यात एमडी४ हॅश अडगळीत टाकलाय आणि वेबपॅक ४ (प्रोजेक्टच्या फायली एकत्र बांधणारं टूल) तोच वापरतं. 'ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' लावून गाडी ढकलता येते, पण खरा उपाय वेबपॅक ५. तोपर्यंत एनव्हीएमने (नोडची आवृत्ती बदलणारं टूल) त्या प्रोजेक्टला नोड १६ वर ठेवलाय. टेस्टिंगवाले खूश.

कपाट नंबर सात

माझा अनुभव बाकीच्यांपेक्षा लांबलचक आहे, कारण यात एररच नव्हता.

एका ग्रंथालयाच्या सूचीचं काम मी बघतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. सर्व्हर डेबियन ९ वरून १० वर नेला. पोस्टग्रेसची आवृत्ती मुद्दाम तीच ठेवली आणि डेटा फोल्डर जसंच्या तसं उचलून ठेवलं. सुरू झालं, लॉग स्वच्छ. मग काउंटरवरच्या बाईंचा फोन: "अहो, हे सभासद यादीत दिसतात, पण क्रमांक टाकून शोधले की नाहीत म्हणतंय." सभासद क्रमांक '१-१', '११-४' अशा पद्धतीचे, मध्ये आडवी रेघ असलेले, साठवलेले इंग्रजी आकड्यांत. त्याहून वाईट म्हणजे एका क्रमांकावर दोन सभासद नोंदले गेले, आणि त्या कॉलमवर युनिक इंडेक्स (एक क्रमांक दोनदा येऊ न देणारी शोधसूची) होता!

कारण पोस्टग्रेसमध्ये नव्हतंच. मजकुराचा क्रम ठरवायला ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतं, आणि जीलिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९ मध्ये २.२४ होती, १० मध्ये २.२८ आली. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचं तर पुस्तकं जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने कपाटं उघडतोय. पुस्तक आत आहे, पण तो त्या कपाटापाशी जातच नाही.

पडताळा सोपा आहे. '१-१' आणि '११' या दोन ओळी इंग्रजी आकड्यांत लिहून 'ईएन_यूएस.यूटीएफ-८' लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) 'सॉर्ट' ला द्या. जुन्या मशीनवर '११' आधी येतं, नव्यावर '१-१' आधी. दोन्ही सर्व्हरवर हे शेजारीशेजारी चालवलं तेव्हा खात्री पटली. त्याआधी मी डिस्कवर संशय घेऊन बसलो होतो.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी इंडेक्स स्कॅन बंद ठेवून दुबार नोंदी शोधल्या आणि बाईंना विचारून एकेक निकाली काढल्या, कारण दुबार असताना युनिक इंडेक्स परत बांधला जात नाही. मग मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स' केले. शेवटी 'एएमचेक' एक्स्टेन्शनने तपासून घेतलं, ते पोस्टग्रेस १० पासून सोबत येतं. डेटा फोल्डर उचलण्याऐवजी डंप काढून परत भरला असता तर इंडेक्स आपोआप नव्याने बांधले जातात आणि ही भानगडच होत नाही. पण डेटा मोठा असला की लोक फोल्डरच उचलतात. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (क्रमवारीच्या नियमांची) आवृत्ती नोंदलेली असते आणि ती जुळली नाही तर इशारा मिळतो. तो इशारा लॉगमध्ये दिसला तर 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' मारून गप्प करू नका, आधी रीइंडेक्स.

म्हापसेकर

वरचं वाचून घाम फुटला. आमच्याकडे प्रायमरी (मुख्य डेटाबेस) एका ओएसवर नि रेप्लिका (त्याची चालती प्रत) दुसऱ्या ओएसवर आहे. म्हणजे तिथेही हेच?

कपाट नंबर सात

हो. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन इंडेक्सची पानं जशीच्या तशी पाठवतं. रेप्लिकावर वाचणारी क्वेरी चुकीचं उत्तर देऊ शकते, आणि फेलओव्हर झाला (रेप्लिकाच मुख्य झाली) तर लिहिणंही चुकेल. वरची सॉर्टची चाचणी दोन्ही मशीनवर घ्या. लोकेल 'सी' असेल तर निर्धास्त राहा, तिथे क्रम बाइटवरून ठरतो.

अर्धविराम

आणखी एक, डिस्क हलवणाऱ्यांसाठी. जुन्या डिस्कवरची रेपो नव्या मशीनवर उघडली की गिट 'ड्युबियस ओनरशिप' म्हणतं. एप्रिल २०२२ च्या २.३५.२ आवृत्तीपासून आलेली सुरक्षेची तपासणी आहे ती, फोल्डरचा मालक आणि तुम्ही वेगळे आहात एवढंच तिचं म्हणणं. 'चोन' करून मालकी घ्या. 'सेफ.डिरेक्टरी' मध्ये तारा टाकून मोकळं होण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल, तो घेऊ नका.

म्हापसेकर

चाचणी घेतली. दोन मशीनवर दोन वेगळी उत्तरं. आता सगळे इंडेक्स परत बांधायचे, पण साइट बंद ठेवता येत नाही. काय करू?

कपाट नंबर सात

आधी रेप्लिकावरच्या क्वेरी थांबवा, सगळं वाचन प्रायमरीवर वळवा. प्रायमरीची ओएस बदलली नसेल तर तिथले इंडेक्स बरोबरच आहेत, त्यांना हात लावू नका. रेप्लिका प्रायमरीच्याच ओएसवर नव्याने उभी करा. आणि पुढे प्रायमरीची ओएस बदलाल तेव्हा पोस्टग्रेस १२ किंवा पुढचं असेल तर 'रीइंडेक्स कन्करंटली' आहे, साइट चालू राहते. दुबार नोंदी मात्र त्याआधी निपटाव्या लागतील. आवृत्ती कुठली आहे ते कळवा.