गिलक्याच्या घासणीची जाहिरात 3,000 रुपयांत कशी करावी?

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. आमच्या बचत गटात वाळलेल्या गिलक्याची (घोसाळ्याची) भांडी घासायची घासणी बनते. साल काढून, बिया झटकून 4 इंचाचे तुकडे, टोकाला अडकवायला सुती दोरी. 3 नगांचं पाकीट 60 रुपयांना. माल, मजुरी, पाकीट धरून 22 रुपये पडतात. जाहिरातीसाठी गटाने 3,000 काढून ठेवलेत. फेसबुकवर ‘पोस्ट बूस्ट करा’ म्हणून येतं (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायची), तिथेच टाकावेत का? की मीशोवर, त्या ऑनलाइन विक्रीच्या अ‍ॅपवर जावं?

अमळनेरकर
ताई, बूस्टला हात लावण्याआधी हिशोब करा. पाकिटामागे तुमच्या हाती 38 रुपये राहतात. समजा, जाहिरात बघून एका बाईने व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी केली की 8 रुपये कटले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेनऊच्या आसपास. पाच जणींनी विचारून एकीने घेतलं, तर एका गिऱ्हाइकामागे 47 रुपये गेले. पाकीट विकून 9 रुपये अंगावर!

म्हणून जाहिरातीत 60 चं पाकीट दाखवूच नका. 12 नगांचा संच 220 ला ठेवा. माल 88, जाहिरात 47, तरी 85 उरतात. घरपोच खर्च वेगळा सांगा. एका घराला 12 नग नको असतील तर दोघी-तिघी शेजारणी मिळून घेतात, तसं जाहिरातीत लिहाच.

आता पैसे कसे लावायचे ते. जीएसटी वजा जाता 3,000 मधले 2,540 च प्रत्यक्ष जाहिरातीला लागतात. बूस्टऐवजी अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुकवर जाहिराती लावायच्या पानावर) जा आणि ‘एंगेजमेंट’ उद्दिष्टात मेसेजचा पर्याय निवडून व्हॉट्सअ‍ॅप जोडा. लाईक मिळवायचं उद्दिष्ट ठेवलं तर लाईक देणारीच माणसं येतात, घेणारी नाही. भाग निवडताना अख्खा महाराष्ट्र नको. जळगाव, धुळे, अमळनेर शहर आणि भोवतीचे 25 किलोमीटर पुरे. दोन व्हिडिओ, प्रत्येकी रोज 150 रुपये, 5 दिवस. या पाच दिवसांत काही बदलू नका, मोठा बदल केला की जाहिरात कुणाला दाखवायची हे फेसबुकने शिकण्याची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मग बघा ऑर्डर कुठल्या व्हिडिओने आणल्या. मेसेज मोजू नका, ऑर्डर मोजा. उरलेले हजारेक रुपये त्याच व्हिडिओवर.

पार्सलगल्ली
वरचा हिशोब बरोबर, पण गिलक्याच्या मालात खरा पैसा खोक्यात जातो. बहुतेक कुरिअरवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त भरेल ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000, म्हणजे किलो. फुगीर 12 घासण्या 30×20×10 च्या खोक्यात भरल्या तर 1.2 किलो लागतात, काट्यावर पाव किलो भरल्या तरी! तेच तुकडे उभे चिरून, किंचित ओले करून पाटाखाली दाबा. चपटे झाले की 25×18×4 मध्ये बसतात, 0.36 किलो. अर्ध्या किलोच्या आत आलात.

आणि हाच तुमचा व्हिडिओ आहे. चपटा तुकडा पाण्यात टाका, डोळ्यांदेखत फुगतो. पहिल्या तीन सेकंदांत तेच दाखवा, मग शेवभाजीची तेलकट कढई. खिडकीजवळचा उजेड, फोन आडवा नको, उभा धरा. लागलेला करपट थर मात्र याने निघत नाही, तो निघतो असं दाखवू नका.

लळिंगचा
भाषेकडे लक्ष द्या. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडे ‘भांडा घासाले काय वापरतस?’ असं अहिराणीत सुरुवातीलाच ऐकलं की बोट थांबतं. तोच व्हिडिओ रावेर-यावल-भुसावळकडे लावू नका, तिकडची बोली वेगळी, लेवा गणबोली. तिथे साधी मराठी ठेवा. वेळ म्हणाल तर श्रावणात कानबाई (आपल्या खानदेशातला देवीचा सण) बसण्याआधीचे आठ-दहा दिवस. घरोघरी सारवण-रंगकाम आणि भांड्यांची घासपूस तेव्हाच निघते. दुसरी वेळ दिवाळीआधीची. जाहिरातीचे पैसे या दोन वेळांत वाटून लावा.

तापीकाठ (चोपडा)
खूप उपयोगी. दोन शंका. चपट्या केलेल्या घासण्यांवर काळे ठिपके आले. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या ओळखीच्यांना एकदम पाठवलं, पण निम्म्यांना गेलंच नाही.

पार्सलगल्ली
ठिपके म्हणजे बुरशी. दाबताना ओल राहिली आणि प्लॅस्टिकमध्ये बंद झाली. दाबल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, तुकडा वाकवल्यावर करकरला पाहिजे. पाकीट कागदाचं घ्या. गिऱ्हाइकालाही चिठ्ठीत लिहा: वापरून झाली की दोरीने टांगा, पाण्याच्या वाटीत ठेवू नका.

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, एका नगाची किंमत आणि तक्रारीसाठी फोन छापा. पॅकबंद मालाच्या 2011 च्या वजनमाप नियमांत हे मागितलंय. चिकटवायच्या लेबलवर छापलं तरी चालतं.

अमळनेरकर
ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या यादीत) 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच उत्तरात ‘नंबर सेव्ह करा’ सांगा. व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप घेऊन कॅटलॉगमध्ये 3 नगांचं पाकीट आणि 12 नगांचा संच दोन्ही टाका आणि ‘दिली’, ‘पैसे बाकी’, ‘पुन्हा विचारायचं’ अशी लेबलं लावा. घासणी झिजतेच, पुन्हा लागतेच. दोन महिन्यांनी ‘पुन्हा विचारायचं’ यादीला एक निरोप टाकला तर त्याला जाहिरातीचा एक रुपया लागत नाही.

मीशोचं: जीएसटी नोंदणी नसली तरी 1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन मंचावरून आपल्याच राज्यात माल विकता येतो. पॅन लागतं आणि जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक काढावा लागतो. पण तिथे परत आलेला माल डोक्यावर बसतो. आधी 50 संच व्हॉट्सअ‍ॅपवरून विका, पैसे यूपीआयने आगाऊ घ्या. घेतल्यावर पैसे देऊ म्हणणाऱ्यांकडून निदान जाण्यायेण्याचं भाडं आधी मागा. पार्सल नाकारलं तर दोन्हीकडचं भाडं गटालाच भरावं लागतं.