मदत हवी आहे: पाणी आणि गाडीची काच एकमेकांना छेदतात, तिथे चित्र बिघडतं

नमस्कार मंडळी. मुंबईवरच्या मोबाइल गेममध्ये हिंदमाताला (पावसात हमखास पाणी तुंबणारा चौक) पाणी तुंबल्याचं दृश्य आहे. गढूळ पाण्याचा एकच मोठा पृष्ठभाग, अल्फा (अपारदर्शकता: ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक) ०.६. त्यात काचेपर्यंत बुडालेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी, काचांचा अल्फा ०.३. ग्राफिक्ससाठी ओपनजीएल ईएस ३.० (मोबाइलवर चित्र काढायची प्रणाली) वापरतोय.

अपारदर्शक वस्तू पडद्यावर आधी काढतो. मग पारदर्शक वस्तू लांबून जवळ अशा क्रमाने. पारदर्शक वस्तूंसाठी डेप्थ टेस्ट (आधी नोंदलेल्या जवळच्या वस्तूमागचे पिक्सेल गाळणं) चालू, डेप्थ राइट (स्वतःचं अंतर नोंदवणं) बंद. क्रम प्रत्येक वस्तूच्या मध्यबिंदूच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावरून लागतो आणि घोळ तिथेच आहे. पाणी चौकभर पसरलेलं, त्यामुळे कॅमेरा जरा वळला की बुडालेली काच एकदम पाण्यावर उमटते. डेप्थ राइट चालू केलं, तर आधी काढलेल्या काचेमागचं पाणीच गायब होतं.

काच पाण्याला छेदते, म्हणजे अख्ख्या वस्तूंचा कुठलाही क्रम बरोबर नाहीच. कॅमेरा कायम पाण्याच्या वर असतो, म्हणून काच दोनदा काढावी असं वाटतं: पातळीखालचा भाग, मग पाणी, मग वरचा भाग, दोन्ही वेळी नको असलेले पिक्सेल शेडरमध्ये (ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) डिस्कार्ड, म्हणजे टाकून द्यायचे. लाटांची उंची पाण्याच्या आणि काचेच्या दोन्ही शेडरमध्ये एकाच सूत्राने काढावी लागेल, नाहीतर काठाला फट दिसेल.

दुसरा मार्ग २०१३ सालच्या वेटेड ब्लेंडेड पद्धतीचा, म्हणजे पारदर्शक थरांची वजनं देऊन सरासरी काढायची. तिला क्रम लागत नाही, पण ०.६ अल्फाला मागची काच जास्त दिसेल अशी धास्ती आहे. शिवाय हाफ-फ्लोट टार्गेट (१६ बिटी दशांश आकडे साठवणारं चित्र) हवं, जे ३.० मध्ये एक्स्टेन्शनवर, म्हणजे प्रत्येक फोनवर असेलच असं नाही अशा जादा सोयीवर, अवलंबून आहे.

माली ग्राफिक्स चिपच्या स्वस्त फोनवर डिस्कार्ड किती महाग पडतो? कोणी मोजलंय का?