चुंबकाला न सापडणारं स्टील

कोणीतरी म्हटलंय की घरच्या कचऱ्याच्या डब्यालाच एक मोठं चुंबक लावलं की धातू आपोआप वेगळा होईल, कचरा निवडायला कॅमेरा नि रोबोटचा हात वगैरे उगाच खर्च. लोखंडापुरतं अगदी मान्य, पत्र्याचे डबे, बाटल्यांची पत्र्याची बुचं, खिळे पटापट येतात. पण अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला ढिम्म चिकटत नाही, आणि खरी किंमत त्यातच आहे, कारण भंगारातून अ‍ॅल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. त्यासाठी कचरा निवडणाऱ्या प्लांटमध्ये कचरा वाहणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला चुंबकं बसवलेला रोटर जोरात फिरवतात, त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात नि कॅन टुणकन पुढे उडतो, बाकी कचरा तिथल्या तिथे खाली पडतो.

आता गंमत स्टेनलेस स्टीलची. मी मागे फ्रिजवरचं चुंबक घेऊन घरातले सगळे चमचे तपासले, निम्म्यांना लागलं, निम्म्यांवरून सरळ घसरलं! १८/८ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) शिक्का असलेलं स्टील चुंबकाला जवळपास दाद देत नाही, आणि वीजवाहकता कमी असल्याने त्या रोटरवरूनही नीट उडत नाही, म्हणजे दोन्हीकडून निसटतं. ते पकडायला पट्ट्याखाली मेटल डिटेक्टरसारखे सेन्सर लागतात, धातू दिसला की हवेचा फवारा मारून तो तुकडा बाजूला ढकलतात. हे सगळं घरच्या डब्यात कसं कोंबणार? घरी एवढंच करा, फॉइल चपटी टाकू नका, चांगला गोळा करून टाका, सुटी पातळ फॉइल त्या रोटरवर फारशी उडत नाही.