किंग क्रिम्सननंतर काय ऐकावे?

किंग क्रिम्सन या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची गोडी लागल्यावर दुसरा कोणताही बँड मनाला भिडत नाही, अशी तक्रार काही श्रोते करतात. माझे सुचवणे असे, की शैलीच्या नावाने शोधण्यापेक्षा माणसांचा माग काढावा. क्रिम्सनचा गायक आणि बास गिटारवादक ग्रेग लेक १९७० मध्ये बाहेर पडून इमर्सन, लेक अँड पामर या बँडमध्ये गेला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पीटर सिनफिल्डचा माग मात्र अधिक फळतो. क्रिम्सनच्या पहिल्या चार अल्बमची गीते लिहिणाऱ्या या कवीने प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या इटालियन बँडच्या १९७३ मधील ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ या अल्बमसाठी इंग्रजी गीते लिहिली. तरीही आधी या इटालियन बँडचा १९७२ चा ‘पेर उन आमिको’ हा अल्बमच ऐकावा, कारण बँडमधील माउरो पगानीची बासरी आणि व्हायोलिन तिथे इटालियन शब्दांच्या लयीशी पूर्ण एकजीव झाली आहेत.