मदत हवी आहे : पीएनएफ करून घेणारे फिजिओ, सुदामानगर, इंदूर

नमस्कार मंडळी. पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरी येणारे फिजिओ त्यांच्याकडून पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन, म्हणजे हलक्या विरोधासह तिरक्या हालचाली करून स्नायूंना चालना देणारा व्यायाम) करून घेतात. डाव्या कमरेपासून मूठ उघडत हात तिरका वर न्यायचा, म्यानातून तलवार उपसावी तसा. फिजिओ मनगटाशी हलका विरोध देतात, "हाताकडे बघा, ढकला" म्हणतात, आणि हात खरंच वर सरकतो! १९४०च्या दशकात डॉ. हर्मन कॅबट यांनी सुरू केलेली ही पद्धत मला मनापासून पटली आहे.

आता ते फिजिओ इंदूर सोडताहेत. सुदामानगर-अन्नपूर्णा भागात घरी येणारे, पक्षाघाताच्या रुग्णांचा अनुभव असलेले कोणी आहे का? मराठी बोलणारे असतील तर फारच बरं, बाबांना सूचना मराठीतच पटकन कळतात. तोवर आई आणि मी विरोध किती द्यावा? खांदा दुखला की थांबतोच. जाणकारांनी कृपया सांगा.